हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दान करायची हौस असेल तर स्वतःच्या घराचं करावं. दुसऱ्याच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पुण्य पदरात पाडून घेणाऱ्यांसाठी मराठीत ही म्हण आहे, आणि इंदुरात राहणाऱ्यांना हलवायाच्या घराची किंमत मी काय सांगावी! गेले काही महिने मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताबद्दल वाचतेय. तिथे हेच तुळशीपत्र सरकारने एकदा नाही, दोनदा ठेवलं, असं माझं मत झालंय. दोन्ही वेळा घर दुसऱ्याचंच होतं.

प्रश्न शिकारीचा आहे. नाक मुरडू नका. मलाही बंदुकीने जनावर मारण्यात काही मौज वाटत नाही. पण हा लेख शिकार चांगली की वाईट याबद्दल नाही. सरकारने एकाला दिलेली परवानगी आणि दुसऱ्याचा त्याहून जुना हक्क समोरासमोर आले, तर नुकसान कोणी सोसायचं, असा हा प्रश्न आहे. तो आपल्या मध्य प्रदेशातही जागोजागी पडलेला आहे.

आधी तिथली पद्धत सांगते. ब्रिटिश कोलंबियात कॅनडाबाहेरच्या माणसाला मूस, अस्वल, डोंगरी मेंढा अशा मोठ्या जनावरांची शिकार एकट्याने करता येत नाही, सोबत वाटाड्या लागतो. हा धंदा करणाऱ्यांना तिथे ‘गाइड आउटफिटर’ म्हणतात. तंबू, घोडे, लाकडी खोल्या, स्वयंपाकी, वाटाडे, सगळी सोय त्यांची. सरकार प्रत्येक आउटफिटरला एक इलाखा ठरवून देतं, आणि त्या इलाख्यात पाहुण्यांना शिकारीला नेण्याचा हक्क त्याचा एकट्याचा. जमीन त्याची होत नाही आणि जनावरंही नाहीत, कारण कायद्याने वन्यप्राणी सरकारच्या मालकीचे. त्याच्याकडे असतो तो फक्त एक कागद. पण तो कागद सरकारच्या संमतीने विकता येतो, त्यामुळे त्याला बाजारभाव आला. लोकांनी कर्ज काढून ते इलाखे घेतले. म्हातारपणी इलाखा विकू आणि त्यावर जगू, असे हिशेब घराघरांतून झाले. हे सगळे काही फार बडे भांडवलदार नाहीत, बरेचसे नवरा-बायको-मुलं मिळून चालवलेले धंदे आहेत.

आता पहिलं तुळशीपत्र. ब्रिटिश कोलंबियातली ९० टक्क्यांहून जास्त जमीन सरकारी म्हणून नोंदलेली आहे. पण ती सरकारची झाली कधी? कॅनडाच्या इतर बऱ्याच भागांत निदान मूळनिवासींशी करार तरी झाले. या प्रांताच्या बहुतेक भागात तेही झाले नाहीत. ना लढाई जिंकली, ना खरेदीखत केलं. नकाशावर रंग भरला आणि त्यावर परवाने वाटायला सुरुवात झाली. झाडं तोडण्याचे, खाणींचे, गुरं चारण्याचे, आणि शिकारी नेण्याचेही. ज्या दऱ्याखोऱ्यांत मूळनिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सापळे लावत आली, मांस वाळवत आली, तिथेच दुसऱ्या कोणाच्या तरी नावाचा इलाखा पडला.

कोर्टांनी हे हळूहळू मान्य केलं. १९७३ मध्ये काल्डर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूळनिवासींच्या भूमिहक्काची दखल घेतली. १९८२ च्या राज्यघटनेतल्या ३५ व्या कलमाने त्यांच्या हक्कांना संरक्षण मिळालं. १९९० मध्ये स्पॅरो खटल्यात कोर्टाने रांगच लावून दिली. सगळ्यांत आधी निसर्गाचं संवर्धन, त्यानंतर मूळनिवासींची पोटापाण्याची व विधींची गरज, आणि मग बाकीचे सगळे. तो खटला मासेमारीचा होता, पण हेच तत्त्व शिकारीलाही लागू पडतं. १९९७ चा डेलगामूक निकाल त्याच्या पुढे गेला. २६ जून २०१४ रोजी चिलकोटिन लोकांची सुमारे १,७५० चौरस किलोमीटर जमीन त्यांचीच असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केलं. त्या जमिनीचं काय करायचं हे आता ते ठरवणार. कॅनडात असं पहिल्यांदाच झालं. म्हणजे हलवाई आला, आणि म्हणाला, “घर माझं आहे.”

प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यातली गोष्ट थोडी वेगळी. तिथे करार आहे. १८९९ चा करार क्रमांक आठ. त्यात मूळनिवासींना शिकार, सापळे आणि मासेमारी पूर्वीसारखी करू देण्याचं वचन आहे. पण त्याच वाक्याला शेपूट जोडलेलं आहे, की वसाहत, खाण, लाकूड वगैरेंसाठी लागेल तशी जमीन घेतली जाईल. पुढच्या शंभर वर्षांत वचन मागे पडलं आणि शेपूट वाढत गेलं. गॅसच्या विहिरी, पाइपलाइनी, रस्ते, धरणं, लाकूडतोड. ब्लूबेरी रिव्हर फर्स्ट नेशन कोर्टात गेलं. त्यांचं म्हणणं होतं, की कुठल्या एका विहिरीने आमचं नुकसान केलं असं नाही, सगळ्यांनी मिळून केलं. २९ जून २०२१ रोजी प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एमिली बर्क यांनी ते मान्य केलं. त्यांच्या सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशातली ८५ टक्के जागा कुठल्या ना कुठल्या औद्योगिक उलाढालीपासून २५० मीटरच्या आत आली होती. तुम्हीच विचार करा, अडीचशे मीटर म्हणजे किती! हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. अशा जंगलात मूस कशाला थांबेल?

सरकारने अपील केलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये करार झाला, जमीन पूर्ववत करण्यासाठी २० कोटी डॉलरचा निधी ठरला, नव्या गॅस प्रकल्पांवर मर्यादा आल्या. हे चांगलंच झालं. पण त्याच्या आधी, २०२२ च्या वसंतात, सरकारने त्या भागातली परवान्यावरची मूस-शिकार निम्म्यावर आणायची आणि कॅरिबूची शिकार बंद करायची असं ठरवलं. ‘समेट’ या शब्दाची पहिली किंमत वसूल झाली ती शिकारीवाल्यांकडून. यात साधे स्थानिक शिकारी होते, आणि आउटफिटरही होते. काहींनी पुढच्या मोसमाचे पैसे पाहुण्यांकडून आधीच घेतलेले असतात, हा धंदाच तसा आहे.

हे दुसरं तुळशीपत्र. मूस कमी झाले ते मुख्यतः जंगलाचे तुकडे पडले म्हणून. तुकडे पाडले रस्त्यांनी, विहिरींनी, करवतींनी. त्यांच्याकडून सरकारला महसूल मिळाला. आणि हात पहिला आखडता घेतला तो कोणाच्या बाबतीत? ज्यांचा आवाज सर्वांत लहान. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर आउटफिटर हा काही अगदी संन्यासी नाही, त्याचाही त्या जंगलातून नफा झालाच. पण चोर तर तो नक्कीच नाही.

आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला मी हा विषय मांडला, तेव्हा वर्गात लगेच दोन तट पडले. एका मैत्रिणीचं म्हणणं, “भरपाई कशाची? परवाना म्हणजे काय सातबारा आहे का? बस परमिट रद्द झालं तर ड्रायव्हरला रस्त्याची किंमत देतो का आपण?” मुद्दा बिनतोड वाटतो. आणि तिथला कायदाही बराचसा तिच्याच बाजूचा आहे. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेत मालमत्तेचा हक्क नाही. आपल्याकडे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला, तरी ३०० अ कलमात तो उरलाय. तिकडे तेवढंही नाही. शिवाय ती म्हणाली, १९७३ पासून सगळ्यांना कळत होतं की जमिनीचा मालक दुसरा आहे. जोखीम माहीत असून इलाखा घेतला, आता रडता कशाला?

दुसऱ्या बाजूला एक जण उठला. त्याच्या मामांचा गोव्यात ट्रक होता. २०१२ मध्ये तिथल्या खाणी बंद झाल्या. बेकायदा खाणकाम थांबायलाच हवं होतं, यात वाद नाही. पण ट्रकवाल्याने काय बेकायदा केलं होतं? त्याने बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतला, नोंदणी सरकारने केली, कर सरकारने घेतला. शेवटी गोवा सरकारला खाणग्रस्तांसाठी मदतीच्या आणि कर्जसवलतीच्या योजना काढाव्या लागल्याच. तो म्हणाला, “चूक खाण देणाऱ्याची, आणि हप्ता मात्र मामा भरणार. हा कसला न्याय?”

मला या दोघांचंही अर्धं अर्धं पटतं, आणि म्हणूनच हा लेख लिहिते आहे.

मैत्रिणीचा जोखमीचा मुद्दा घ्या. जोखीम आउटफिटरला माहीत होती, तर सरकारला नव्हती का? काल्डरनंतर, डेलगामूकनंतर, अगदी २०१४ नंतरसुद्धा तेच सरकार त्याच इलाख्यांचे कागद नूतनीकरण करत होतं, शुल्क घेत होतं, विक्रीला संमती देत होतं. घर आपलं नाही हे कळल्यावरही भाडं घेत राहणाऱ्या माणसाने भाडेकरूला “तुला माहीत होतं की” म्हणून हाकलावं, हे काही खरं नाही. जोखमीचा हिशेब करायचाच तर दोघांचा करू. ज्याने तीस वर्षांपूर्वी इलाखा घेतला आणि ज्याने २०१४ नंतर पडत्या भावात घेतला, त्यांना सारखी भरपाई नसावी, हे मी मान्य करते. पण शून्य नसावी.

आता दुसरी बाजू. भरपाई म्हटली की एक सापळा असतो. इतिहासात भरपाई कोणाला मिळाली ते बघा. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने आपल्या वसाहतींतली गुलामी संपवायचा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. कोणाला? गुलामांच्या मालकांना. जे गुलाम होते त्यांना एक पैसा नाही. कारण मालकांकडे कागद होता. भरपाई नेहमी कागदामागे धावते. ज्याच्याकडे नोंद, शिक्का, पावती आहे, त्याचं नुकसान मोजता येतं. ज्याच्याकडे फक्त वहिवाट आहे, आजोबांनी दाखवलेली वाट आहे, त्याचं नुकसान ‘भावनिक’ ठरतं. आउटफिटरला भरपाई देताना हे विसरलं, तर दीडशे वर्षं ज्यांची जमीन गेली ते रांगेत मागेच राहतील आणि दहा वर्षांचं नुकसान झालेला आधी पैसे घेऊन जाईल.

हे आपल्याला का कळावं? कारण आपल्या दारातही हेच झालंय. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं मध्य प्रदेशाचं वनखातं शिकारीचे ब्लॉक भाड्याने देत होतं. शिकार कंपन्या होत्या, परदेशी पाहुणे डॉलर मोजून वाघ मारायला येत. आउटफिटरचा हा आपला देशी अवतार. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला, तो धंदा संपला. बरंच झालं. पण त्याच काळात कान्हाच्या जंगलातून बैगांची गावं उठवली गेली. बंदूक घेऊन येणारे पाहुणे गेले आणि तिथे राहणारे घरचेही गेले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या कुनोत तेच. एके काळी ते संस्थानाचं शिकारीचं रान. गीरचे सिंह आणायचे म्हणून तिथली २४ गावं हलवली, त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी. सिंह आजतागायत आले नाहीत. २०२२ मध्ये चित्ते आले.

आणि आपला २००६ चा वनहक्क कायदा? त्याच्या प्रस्तावनेतच आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं कबूल केलंय. मोठी गोष्ट आहे. पण त्याच कायद्याने पारंपरिक हक्कांतून शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. कॅनडाच्या कोर्टाने मूळनिवासींची शिकार रांगेत वर ठेवली, आपण ती रांगेतूनच काढली. आपल्याकडे जंगल कमी आहे, माणसं फार आहेत, वगळण्याला कारणं असतील. मी कॅनडाची आरती ओवाळत नाहीये. एवढंच सांगते, की ‘आधी कोण’ हा प्रश्न तिथे निदान उघडपणे विचारला गेला.

मग करायचं काय? विद्यार्थ्यांनी नुसते प्रश्न विचारून पळू नये, म्हणून माझं मत मांडते.

पहिली गोष्ट, भरपाई द्यावी आणि ती प्रांताच्या सरकारने द्यावी. फर्स्ट नेशन्सकडून एक डॉलरही मागू नये. ज्याने दुसऱ्याच्या घराची किल्ली विकली त्याने पैसे परत करावेत, घरमालकाने नाही. गॅस आणि लाकडाच्या महसुलातून हा पैसा काढला, तर ज्यांनी जंगलाचे तुकडे पाडले त्यांच्याकडूनही थोडी वसुली होईल.

दुसरी गोष्ट, भरपाई खर्चाची द्यावी, स्वप्नांची नाही. इलाख्यासाठी मोजलेली रक्कम, बांधलेल्या खोल्या, घोडे, परत कराव्या लागलेल्या अनामती, एवढं द्यावं. ‘पुढची पन्नास वर्षं मी इतके मूस विकले असते’ असला हिशेब मान्य करू नये. तो मूस त्याचा कधीच नव्हता.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. भरपाईचा वाद मिटेपर्यंत मूळनिवासींचा हक्क अडवून ठेवू नये. वर्षानुवर्षं बिचाऱ्या व्यावसायिकाचं नाव पुढे करून सरकारं जमिनीचा प्रश्न लांबणीवर टाकतात. हक्क आज, हिशेब उद्या, असा क्रम असावा.

चौथी, पैसे देऊन माणूस घरी बसवण्यापेक्षा दुसरे रस्तेही आहेत. समुद्रकाठच्या ग्रेट बेअर रेनफॉरेस्टमध्ये रेनकोस्ट कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेने २००५ पासून किनाऱ्यावरच्या फर्स्ट नेशन्सच्या पाठिंब्याने शिकारीचे इलाखेच विकत घ्यायला सुरुवात केली. पहिलाच इलाखा २४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा होता. विकणाऱ्याला भाव मिळाला, अस्वलं वाचली, भांडण झालं नाही. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने ग्रिझली अस्वलाची शिकार प्रांतभर बंद केली, मूळनिवासींच्या हक्काची तेवढी सवलत ठेवून. पहिल्या पद्धतीत आउटफिटर सौद्याला बसलेला होता, दुसरीत त्याला निकाल कळवला गेला. मला पहिली पद्धत बरी वाटते. कुठे कुठे मूळनिवासी स्वतःच इलाखा घेऊन धंदा चालवतील, कुठे जुनाच आउटफिटर त्यांच्या परवानगीने, त्यांना भाडं देऊन काम करील. कागद तोच, सही मात्र खऱ्या मालकाची.

आणि पाचवी गोष्ट. या सगळ्यात घोडे सांभाळणारा, स्वयंपाक करणारी, पाऊलखुणा ओळखणारा वाटाड्या, यांच्या नावावर कुठलाच कागद नाही. त्या वाटाड्यांत मूळनिवासी माणसंही पूर्वीपासून आहेत. इलाखेदाराला चेक मिळाला आणि त्यांना नमस्कार, असं झालं तर पुन्हा कागदवाल्याचाच विजय झाला.

आपल्या कॉलेजात ‘समेट’ हा शब्द नवा नाही, प्रार्थनेत तो नेहमी येतो. कॅनडात या शब्दाला फार दुखरी पार्श्वभूमी आहे. मूळनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवलं, त्या सरकारी पैशावर चर्चसंस्थांनी चालवल्या. तिथल्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ मागण्या मांडल्या, आणि जुलै २०२२ मध्ये पोपनी स्वतः तिथे जाऊन माफी मागितली. ख्रिस्ती संस्थेत शिकताना हे आपण सरळ म्हटलं पाहिजे, टाळू नये. माफी मागणं सोपं नसतं. पण माफीनंतर खिशात हात घालणं त्याहून अवघड. शुभवर्तमानातला जक्कय जकातदार आठवा. त्याने नुसतं ‘चुकलो’ म्हटलं नाही. ज्याचं घेतलं त्याला चौपट देईन म्हणाला, आणि ते स्वतःच्या पदरचं. शेजाऱ्याच्या दुकानातून उचलून नाही.

ब्रिटिश कोलंबियाने २०१९ मध्ये मूळनिवासींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आपल्या कायद्यात आणला, आणि तसं करणारा तो कॅनडातला पहिला प्रांत ठरला. त्या जाहीरनाम्यात संमतीशिवाय घेतलेल्या जमिनीची परतफेड किंवा न्याय्य भरपाई मागण्याचा हक्क आहे. शब्द उत्तम आहेत. ते खरे आहेत की नाही हे सरकार पैसे कुठून काढतं यावरून कळेल. आउटफिटरला रिकाम्या हाताने घालवून समेट केला, तर त्या दऱ्यांत मूळनिवासींविरुद्ध कडवटपणा वाढेल, आणि दोष येईल त्यांच्यावर, ज्यांनी काहीच केलं नाही. उद्या त्याच गावच्या दुकानात, त्याच पेट्रोल पंपावर हे दोघे समोरासमोर येणार आहेत. सरकार तिथे नसणार, ते राजधानीत असणार.

म्हणून माझ्या मैत्रिणीला माझं उत्तर असं: परवाना सातबारा नाही हे खरं. पण जे सरकार परवाना देताना मालक असल्यासारखं वागलं, त्याने परवाना काढून घेताना तटस्थ पंच असल्याचा आव आणू नये. आणि कुनोचा सहरिया असो की ब्लूबेरी रिव्हरचा शिकारी, ज्याच्याकडे कागद नाही त्याचं नाव रांगेत आधी लिहा. कागदवाल्यांची नावं सापडायला सोपी असतात, ती नंतर लिहिली तरी हरवत नाहीत.